तिसरी साक्ष

अफझलगंजला बसमध्ये चढताना तातेरावांचा पाय पायरीवरून घसरला आणि घोट्यातून निघालेली कळ थेट मांडीपर्यंत गेली. आत उभं राहायलाही जागा नव्हती. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, बेगम बाजारातून खरेदी करून निघालेल्या बायकांच्या पिशव्यांमधून सुक्या मिरचीचा उग्र वास येत होता आणि एक माणूस सारखा शिंकत होता. वरची दांडी धरून तातेराव एका पायावर कसेबसे तोल सांभाळत होते, तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून एक म्हातारा उठला. "तातेराव? अरे मियाँ, तुम? आओ, इधर बैठो." दाढी पांढरी झाली होती, गाल आत गेले होते, त्यामुळे तो चेहरा ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला. ओळखला मात्र, आणि घोट्यातली कळ कुठल्या कुठे गेली. ते सय्यद गौस मोहियुद्दीन होते. सरकारी तर्जुमा विभागात, म्हणजे मराठी अर्जांचं उर्दूत आणि उर्दू हुकमांचं मराठीत भाषांतर करणाऱ्या कचेरीत, तातेराव नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होते. "नको, नको, तुम्ही बसा गौससाहेब," असं तातेराव घाईघाईत मराठीतच बोलून गेले, पण गौससाहेबांनी दंडाला धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः दांडी धरून उभे राहिले. बाक अजून गरम होता.

"सुना, तुम लोगाँ सब जा रहे," गौससाहेब म्हणाले. तातेरावांनी मान हलवली. नोव्हेंबरच्या एक तारखेला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार होते, मराठी मुलुख मुंबई राज्यात जाणार होता आणि मराठी नोकरदारांची पाठवणी औरंगाबादेकडे होणार होती. तीन आठवडे राहिले होते. "और बहू? भामाबाई कैसे हैं?" तातेराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गुजर गई. तीन साल हो गए." बस पुतळीबावडीला थांबली, माणसं उतरली, चढली. मग गौससाहेब थोडे वाकले आणि इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, घरातल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बच्ची के बाजू में रखे?"

"हौ," तातेराव म्हणाले.

"अच्छा किए," गौससाहेब म्हणाले, आणि काचीगुड्याला उतरून गेले.

तातेराव चिक्कडपल्लीला उतरले ते घरी कसे पोचले हे त्यांना नंतर आठवेना. घर म्हणजे एका तेलुगू कुटुंबाच्या मागच्या अंगणातल्या दोन खोल्या. घरमालकीण रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायची आणि त्यांना बघून हसायची. अकरा वर्षांत दोघांमध्ये पाणी, भाडं आणि पाऊस यांपलीकडे बोलणं झालं नव्हतं. भामा होती तोवर दोन्ही खोल्यांत आवाज असायचा. ती चुलीशी बोलायची, मांजराशी बोलायची, देवाशीसुद्धा भाजी निवडता निवडता बोलायची. ती गेल्यावर तातेरावांना कळलं होतं की आपण या घरात कधी फारसं बोललोच नव्हतो. ते जागेवर बसून राहिले. त्या मुलीबद्दल या जगात आता दोनच माणसांना माहीत होतं. एक ते स्वतः, आणि दुसरा तो माणूस, ज्याची नोकरी, अब्रू आणि आयुष्याची आठ वर्षं त्यांनी एका सकाळी, पाच-सात मिनिटांत संपवली होती. आणि त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं.

तातेरावांचे वडील जालन्याकडच्या एका खेड्यात प्रचारक होते. बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या झाल्या तरी गावाच्या लेखी ते मांगवाड्यातलेच होते. तातेराव मिशनच्या शाळेत शिकले, उर्दू मिडल पास झाले आणि हैदराबादेत चिकटले. कचेरीत मराठी माणसं पुष्कळ होती. ती त्यांच्याशी वाईट वागत नसत, हसून बोलत, फक्त पाण्याच्या माठापाशी गेलं की कुणीतरी चटकन उठून "थांबा, मी देतो" म्हणायचं आणि वरून ओतायचं. गौससाहेबांनी हे पहिल्याच महिन्यात पाहिलं आणि काही न बोलता स्वतःची सुरई तातेरावांच्या मेजावर आणून ठेवली. शिकस्ता लिपी, ती मोडून-वाकवून लिहिलेली कचेरीतली उर्दू, जी चांगल्या चांगल्यांना वाचता येत नसे, तीही त्यांनीच शिकवली. रोज जेवणाच्या सुट्टीत एक जुना कागद काढायचा, त्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "हर्फ मत देखो. लिखनेवाले का हाथ देखो. हाथ किधर से आया, किधर गया." पुढे तातेरावांना अशी सवय लागली की कुणाचंही अक्षर पाहिलं की त्यामागचा हात दिसायचा. स्वतःच्या अक्षरामागचा हात पाहायचं मात्र त्यांनी बरीच वर्षं टाळलं.

अठ्ठेचाळीस सालच्या ऑगस्टमधला दुसरा शुक्रवार. शहर तंग होतं. रझाकार मैदानांमधून कवायत करत फिरत होते, हिंदी फौजा येणार म्हणून लोक दारं लावून बसले होते. भामाला सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या. चर्चच्या मंडळीतल्या दोन घरांची दारं तातेरावांनी ठोठावली. दोन्ही ठिकाणी आतून, आज बाहेर पडणं बरं नाही, असं उत्तर मिळालं. मग ते गौससाहेबांकडे धावले. शुक्रवारची सुट्टी होती, गौससाहेब नमाजाहून नुकतेच आले होते. टांगेवाल्याला दम देऊन त्यांनीच टांगा मिळवला, पाऊस होता म्हणून अंगातला खाकी कोट काढून भामाच्या अंगावर घातला, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत बसले. मुलगी मेलेलीच जन्मली. भामा वाचली. दवाखान्यातून एक खोकं मिळालं. नारायणगुड्याच्या ख्रिस्ती कबरस्तानात माळीसुद्धा नव्हता, तेव्हा कुदळ शोधून दोघांनीच आळीपाळीनं खणलं. पाच वाजले असतील. प्रार्थना तातेरावांना सुचेना. गौससाहेब जरा अंतरावर उभे राहिले, कोट परत अंगात घातलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, दोन्ही हात पुढे पसरलेले. परत येताना सगळ्या वाटेत दोघं एक शब्दही बोलले नाहीत, आणि तातेरावांना त्या न बोलण्याइतका आधार नंतर कधी कशाचा वाटला नाही.

सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली. चार-पाच महिन्यांत कचेऱ्यांमध्ये चौकशी सुरू झाली, रझाकारांत कोण होतं, कोण नव्हतं. या विभागात चौकशीला जे अधिकारी आले ते मुंबईकडचे होते. सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. त्यांनी तातेरावांना बोलावलं. तातेराव रिवाजाप्रमाणे दाराशी उभे राहिले. "उभे का? बसा ना तातेराव," आबासाहेब म्हणाले. स्वच्छ, मऊ मराठीत. तातेराव बसले. साहेबांच्या समोर खुर्चीवर ते आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. मग चहा आला, दोन कप, दोन्ही सारखे. आबासाहेबांनी स्वतःच्या हातानं एक कप त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "आता आपलं राज्य आलं. तुमच्यासारख्यांनी पुढे यायला हवं. घाबरू नका, जे पाहिलंत ते सांगा. हे गौस मोहियुद्दीन कवायतीला जात असत म्हणतात." त्यांच्या बोलण्यात जबरदस्ती नव्हती. उलट एवढा विश्वास होता की त्यांची निराशा करणं हा उद्धटपणा वाटावा. तातेराव म्हणाले, "होय, जात होते." "तुम्ही स्वतः पाहिलंत?" "होय." "कधी?" आणि तिथं तातेराव अडले. खोट्याला तारीख लागते. त्या ऑगस्टातली त्यांना लख्ख आठवणारी तारीख एकच होती. "दुसऱ्या शुक्रवारी. संध्याकाळी पाच वाजता. अंगात खाकी कोट होता. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता." आबासाहेबांची लेखणी भराभर चालली. "वा," ते म्हणाले, "याला म्हणतात साक्ष." तातेरावांनी सही केली. गौससाहेबांना बडतर्फीचा हुकूम मिळाला तेव्हा त्यांना साक्षीदाराचं नाव सांगितलं गेलं नाही. एक विश्वासू साक्षीदार, एवढंच. त्यांची जागा वर्षभरात तातेरावांना मिळाली.

सहा-सात महिने ते झोपेतून दचकून उठत. मग पन्नास साली मंडळीत उज्जीवन सभा, म्हणजे विझत चाललेला विश्वास पुन्हा जागवायच्या सभा, झाल्या. बाहेरून प्रवचनकार आले होते, पश्चात्तापावर सलग चार दिवस बोलले, आणि चौथ्या दिवशी तातेराव उठून पुढे गेले. सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी साक्ष दिली. आपल्या मनात एका जमातीविषयी द्वेष होता, सूड होता, प्रभूनं तो आज काढून घेतला, असं ते बोलले, आणि बोलता बोलता ढसाढसा रडले. रडणं खोटं नव्हतं. मंडळी हेलावली. पाळक एकनाथरावांनी त्यांना मिठी मारली. भामा घरी जेवण वाढताना म्हणाली, "तुमच्या मनात द्वेष कधी होता? मला तर कधी दिसला नाही." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या दिवसापासून त्यांना शांत झोप लागू लागली, ते उपासना चालवू लागले, आणि पश्चात्तापावर बोलायचं झालं की आसपासच्या मंडळ्यांमधून तातेरावांना बोलावणं येऊ लागलं. सहा वर्षं हे असं चाललं होतं.

आता त्या दोन खोल्यांत बसून त्यांना भामाचं ते वाक्य ऐकू आलं. खरंच, द्वेष नव्हता. द्वेष असता तर परवडला असता, त्यात निदान मर्दपणा होता, खेड्यापाड्यांत झालेल्या जुलमाचा राग होता असं तरी म्हणता आलं असतं. कारण इतकं लहान होतं की ते देवापुढे मांडायचीही लाज वाटावी. एका माणसानं त्यांना खुर्ची दिली, सारखा कप दिला, आणि त्याला खूष करावंसं वाटलं. एवढंच. म्हणून त्यांनी देवापुढे एक मोठं, भारदस्त पाप नेऊन ठेवलं होतं आणि त्याची क्षमा घेऊन आले होते. मूळ कागद तसाच राहिला होता. ते गुडघे टेकून बसले, पण तोंडातून निघालेलं प्रत्येक वाक्य त्यांना आपलंच जुनं व्याख्यान वाटू लागलं, चांगलं, नेमकं, ठिकठिकाणी थांबणारं. अर्ध्यातच ते उठले. पुढचे चार दिवस त्यांनी प्रार्थना केली नाही. कचेरीत हिम्मतराव, शेजारच्या मेजावरचा लातूरकडचा गडी, खुषीत होता. "काय तातेराव, सामान बांधलं का? तिकडं गेलो की अर्ज मराठीत, हुकूम मराठीत. ही शिकस्ता-बिकस्ता सगळी घाला चुलीत!" सगळे हसले. तातेरावही हसले, आणि हसताना त्यांच्या लक्षात आलं की आपण हिम्मतरावांना बरं वाटावं म्हणून हसतो आहोत.

रविवारी उपासनेनंतर ते एकनाथरावांना एकटे भेटले आणि सगळं सांगितलं. तारीख, कोट, चिखल, सगळं. म्हातारे पाळक ऐकता ऐकता खुर्चीत खचल्यासारखे झाले. मग म्हणाले, "तातेराव, प्रभूनं तुम्हाला माफ केलंय. यावर तुमचा विश्वास आहे ना?" "आहे." "मग आता त्या बिचाऱ्याला जाऊन सांगण्यात त्याचं काय भलं? तुम्ही पंधरा दिवसांनी जाणार. तुमचं मन हलकं होईल, आणि तो जन्मभर ते वाहील. ही दया झाली का?" बोलणं खोटं नव्हतं. तातेराव बाहेर पडले तेव्हा त्यांना इतकं बरं वाटत होतं की ते नारायणगुड्यापर्यंत चालत गेले. कबरस्तानाच्या फाटकापाशी आल्यावर त्यांना कळलं की आपण पाळकांकडे नेमकं हेच ऐकायला गेलो होतो. त्यांनी 'जा, सांगा' म्हटलं असतं तर कदाचित दुसरा पाळक शोधला असता. ते आत गेले. भामाच्या दगडाशेजारी दुसरा दगड नव्हता, नुसती थोडी उंच जमीन होती. तिथं ते उभे राहिले. परत निघाले तेव्हा उद्या जायचं हे ठरलेलं होतं.

गौससाहेब कुठे बसतात ते त्यांना विचारत विचारतच कळलं. अफझलगंजला ग्रंथालयाच्या समोरच्या फुटपाथवर, एका कडुलिंबाखाली, चटई टाकून ते लोकांचे अर्ज लिहून देत. दुपारचा एक वाजला होता. एक बाई काहीतरी सांगत होती, गौससाहेब लिहीत होते. ती जाईपर्यंत तातेराव उन्हातच थांबले. मग चटईच्या कडेला उकिडवे बसले आणि सांगायला सुरुवात केली. मनाशी त्यांनी उर्दूत वाक्यं जुळवून ठेवली होती, पश्चात्तापाला शोभतील अशी. त्यातलं एकही वापरायचं नाही असं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. "गौससाहेब, तुमच्याविरुद्ध साक्ष मी दिली," ते म्हणाले. "आपण मैदानात कवायत करत होता असं मी सांगितलं. झूठ था."

गौससाहेबांनी टाक खाली ठेवला. "कौनसा दिन बोले?"

तातेरावांना वाटलं होतं ते कारण विचारतील. "ऑगस्ट का दूसरा जुम्मा," ते म्हणाले. "शाम पाँच बजे."

रस्त्यावरून एक बस गेली, मग रिक्षा, मग दोन हातगाड्या. गौससाहेबांची बोटं हिशेब केल्यासारखी एकदा हलली आणि थांबली. त्यांनी वर पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न समजणं होतं, लहान मुलाचं असावं तसं. "पाँच बजे तो हम वहाँ थे," ते म्हणाले. "खोद रहे थे."

"हौ."

"मेरा कोट बोले?"

"हौ. कोट भी बोला. कीचड़ भी."

मग गौससाहेब अगदी हळू बोलू लागले. आठ वर्षांत मी कुणाकुणावर शक केला ते तुला ठाऊक आहे का, म्हणाले. शेवटी मेव्हण्यावर केला. बायकोचा सख्खा भाऊ. त्याचं-माझं घरावरून वाजलं होतं, म्हणून त्यानंच हे केलं असं मी धरून चाललो. पाच वर्षं त्याला दारात उभं केलं नाही. बायको रडायची. गेल्या सालच्या रमजानात तो आजारी पडला, दोनदा निरोप पाठवला, मी गेलो नाही. तो मेला. "मय्यत में गया," गौससाहेब म्हणाले, "उसका मुँह देख के भी बोला, तूच किया रे. मय्यत को बोला."

तातेरावांनी पुढे हात केला. "मत छूओ," गौससाहेब म्हणाले. मोठ्यानं नाही. "माफी माँगने आए क्या? मेरे पास नहीं है. आज तो नहीं है." मग त्यांनी टाक उचलला, त्याचं टोक पुसलं, परत ठेवलं. त्यांची मुलगी सईदा मास्तरीण व्हायला निघाली होती. परीक्षा पास झाली, जागा मिळाली, आणि चौकशीत कागद अडला. बापाचं नाव रझाकारांच्या यादीत होतं. "मेरे कू अब कुछ नक्को. उस का कागज निकालो. मुँह से नहीं, लिख के. एक तारीख के बाद फायलाँ किधर जाते, कौन देखता. जाओ अब."

दुसऱ्या दिवशी तातेरावांनी दोन पानी निवेदन लिहून मराठी शाखेचे अधिकारी लक्ष्मणराव यांच्यापुढे ठेवलं. लक्ष्मणरावांनी वाचलं आणि उठून दार लावून घेतलं. "तुम्हाला काय झालंय? ताप आलाय का? तेरा दिवस राहिलेत. गठ्ठे बांधून तयार आहेत. सरकारी चौकशीत खोटी साक्ष दिली असं तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून देताय, कळतंय का? नोकरी जाईल." "कळतंय." "मी हे पाहिलंच नाही असं करतो. औरंगाबादला चला, घर बघितलंय तुमच्यासाठी." माणूस मनापासून बोलत होता. कागद परत घ्यावा आणि या भल्या माणसाला मोकळं करावं असं त्यांना इतक्या जोरानं वाटलं की ते मेजाची कड धरून राहिले. "साहेब," ते म्हणाले, "मला पोच द्या."

एक नोव्हेंबरच्या आधी दोन दिवस काचीगुडा स्टेशनवर मराठी कुटुंबांची झुंबड उडाली. एकनाथरावही जालन्याच्या मंडळीला गेले. तातेराव सगळ्यांना पोचवायला फलाटावर गेले होते. त्यांचं नाव बदलीच्या यादीतून काढलेलं आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं आणि का ते कुणी विचारत नव्हतं. हिम्मतरावांनी निरोप घेताना त्यांच्याकडे न बघता हात जोडले. गाडी गेल्यावर फलाटावर रिकाम्या पत्रावळी आणि एक फुटका माठ राहिला. परत येताना त्यांना पहिल्यांदाच नीट कळलं की या शहरात आता आपल्याशी मराठीत बोलणारं जवळपास कुणी उरलं नाही. आणि ज्या आनंदाची त्यांनी मनातल्या मनात वाट पाहिली होती, खरं बोलल्यावर येतो म्हणतात तो, तो आला नाही. घोट्यावर अजून सूज होती, घरी चूल थंड होती, घरमालकीणबाईंनी दिवा लावला आणि हसल्या.

चौकशी जानेवारीत झाली. अधिकारी नवे होते, तेलुगू, तरुण, घाईतले. त्यांनी दक्खनीतच विचारलं. फाईल चाळून ते म्हणाले, "देखो मास्टर, आठ साल पुरानी बात. तुम ऐसा लिखो, बारिश थी, दूर से देखा, गलतफहमी हुई. उस आदमी का नाम भी साफ, तुम्हारी नौकरी भी सलामत. खतम." त्यांनी कोरा कागद पुढे केला. तातेरावांनी लिहायला घेतलं. सवयीचा हात होता, सुंदर चालला. "दिनांक अमुक रोजी दिलेली माझी साक्ष ही गैरसमजातून" इथपर्यंत लिहून झाल्यावर त्यांना आपलं अक्षर दिसलं. हात कुठून आला आणि कुठे चालला आहे हे त्यांना स्वच्छ दिसलं. तोच हात होता. सहा वर्षं प्रार्थना केली, लोकांना रडवलं, गौससाहेबांसमोर उन्हात बसले, फलाटावर एकटे उभे राहिले, आणि तो हात जसाच्या तसा तिथं होता, समोरच्या साहेबांचं काम सोपं करून द्यायला तयार. त्यांनी 'गैरसमजातून' हा शब्द एका रेघेनं खोडला, त्यावर 'जाणूनबुजून' असं लिहिलं, आणि नियमाप्रमाणे खाडाखोडीशेजारी सही केली. अधिकाऱ्यांनी कागद घेतला, खांदे उडवले आणि पुढची फाईल उघडली.

फेब्रुवारीत दोन हुकूम निघाले. एकानं गौस मोहियुद्दीन यांच्या नावापुढचा शेरा काढून टाकला. दुसऱ्यानं तातेरावांना नोकरीतून कमी केलं. सईदाला मुसी नदीपलीकडच्या एका मुलींच्या शाळेत जागा मिळाली, हे त्यांना कचेरीतल्या एका शिपायाकडून कळलं. गौससाहेबांकडून काहीच आलं नाही. तातेराव आता दोन-तीन घरी हिंदी-उर्दूच्या शिकवण्या करत. शिकवणीला जाताना अफझलगंजवरून जात. लिंबाखाली गौससाहेब बसलेले असत. एकदा नजरानजर झाली. गौससाहेबांनी मान फिरवली नाही, बोलावलंही नाही. समोरच्या माणसाला काहीतरी विचारून ते पुन्हा लिहू लागले.

मराठी मंडळीला चर्चच्या इमारतीत रविवारी सकाळी आठ ते नऊ अशी वेळ होती, नवानंतर तेलुगू मंडळी यायची. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तातेराव गेले तेव्हा आत एकट्या चतुराबाई बसल्या होत्या. मिशनच्या वसतिगृहात त्यांनी चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या होत्या. मुलगा-सून औरंगाबादला गेले होते, घर लागलं की बोलावतो म्हणाले होते. वय सत्तरीच्या पुढचं, अक्षरओळख नव्हती, ऐकू कमी यायचं.

"सलाम, बाई," तातेराव मोठ्यानं म्हणाले.

"सलाम, सलाम. कोनी न्हाई येत वाटतं आता. आपन दोघंच." त्यांनी पदर सारखा केला. "तुमीच सांगा काईतरी. तुमची साक्ष लई भारी असायची. मी रडायची."

"नको, बाई. तुम्ही प्रार्थना करा. मी ऐकतो."

"मला काय येतंय? मी आपली घरची करते तशी करीन." त्यांनी डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले. "देवा बापा, काल मी शेजारच्या यल्लम्माला वाईट बोलले. नळावरनं. तिची चूक न्हवती, माजीच घागर आडवी होती. मंग घरी येऊन मी तुज्याकडं माफी मागितली आन् झोपले. पर तिच्याकडं न्हाई गेले. आज जाते. जाईन का न्हाई, तूच बघ. आमेन." डोळे उघडून त्या म्हणाल्या, "आता तुमी."

तातेरावांनी डोळे मिटले. सहा वर्षांची वाक्यं रांगेनं येऊन उभी राहिली, आणि त्यांनी त्यांना जाऊ दिलं. बाहेर तेलुगू मंडळीतली माणसं जमू लागली होती, चपलांचे आवाज येत होते. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "देवा, शिकवणीला जायला मला दुसरा रस्ता आहे. जवळचा आहे. तरी मी अफझलगंजवरून जातो. त्यांनी मला बघावं म्हणून जातो. माझी नोकरी गेली, सदरा फाटलाय, हे त्यांना दिसावं आणि त्यांनी मला बोलवावं, म्हणून."

"काय म्हनता?" चतुराबाई कानाला हात लावत म्हणाल्या. "मोट्यानं म्हना. मला कमी ऐकू येतं."

तातेरावांनी ते सगळं पुन्हा सांगितलं. मोठ्यानं, थांबत थांबत, दाराबाहेरच्या माणसांना ऐकू जाईल असं. ते कोण, त्यांचं काय केलं, हेही मध्ये मध्ये चतुराबाईंनी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हातारीनं लुगड्यानं डोळे पुसले की नुसतं तोंड पुसलं ते कळलं नाही.

"मंग त्या रस्त्यानं जाऊ नका," ती म्हणाली. "त्यांना बसू द्या की निवांत."

नऊ वाजले. तेलुगू माणसं आत येऊन बसू लागली. तातेरावांनी चतुराबाईंना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या, यल्लम्माच्या दारापर्यंत पोचवलं, आणि दुसऱ्या दिवशी शिकवणीला ते जवळच्या रस्त्यानं गेले.